गोदावरीच्या टोकाचे बेट आणि त्याचे पाहुणे

शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेले दगडी कासव आपण सर्वांनीच पाहिलेले असते. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आपण नकळत वळसा घेतो. लहान मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मोठ्यांचे पाहून तीही वळसा घेतात. कासवाच्या घरी कसे वागावे, याचा हा एक लहानसा पाठच म्हणायला हवा. खऱ्या कासवांच्या घरी मात्र माणसाला हा पाठ गिरवायला चार-पाचशे वर्षे लागली. त्या वर्षांचा इतिहास या लेखात सांगायचा आहे. त्याची सुरुवात आमच्या गावापासून करतो, कारण हा प्रश्न आमच्यापुढे वर्गातच उभा राहिला.

एकलहरे हे नाशिकजवळचे, गोदावरीच्या काठचे गाव. औष्णिक वीज केंद्राच्या उंच धुराड्यांमुळे ते दुरूनही ओळखू येते. भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना नकाशावर गोदावरीवरून बोट फिरवायला लावतो. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, नाशिक, एकलहरे, नांदूर मध्यमेश्वर, पैठण, नांदेड, मग तेलंगण, राजमहेंद्री आणि बंगालचा उपसागर. एकूण प्रवास सुमारे १,४६५ किलोमीटरांचा. एका वर्षी समुद्रापाशी बोट टेकवून एका मुलीने विचारले, "नदी इथे संपली, पण तिने आणलेली माती कुठे जाते?" उत्तर शोधण्यासाठी मोठा नकाशा काढला, तेव्हा काकिनाडा बंदरासमोर समुद्रात एक बारीक, लांबट रेघ दिसली. तिचे नाव होप बेट. या बेटावर दर वर्षी समुद्री कासवे अंडी घालायला येतात, हे पुढच्या वाचनात कळले.

नदीने बांधलेले बेट

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर बंधारा घातला. तेथून खाली नदीचे फाटे फुटतात. त्यांतला एक मोठा फाटा गौतमी. नाशिककरांना हे नाव परके नाही. आपण गोदावरीलाच गौतमी म्हणतो. ही गौतमी यानम गावावरून पुढे जाऊन समुद्राला मिळते. नदीचा वेग समुद्रापाशी मंदावतो आणि तिच्याबरोबर आलेली वाळू मुखाशी पडते. पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्याला तिरक्या येऊन ही वाळू उत्तरेकडे सरकवतात. अशा सरकलेल्या वाळूचा एक लांब दांडा तयार झाला. सुमारे सोळा किलोमीटर लांबीचे होप बेट ते हेच. गेल्या दोनेकशे वर्षांत वाढलेली ही जमीन भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाची आहे.

बेट आणि किनारा यांच्या मधल्या शांत पाण्यात गाळ साठला आणि त्यावर खारफुटीचे दाट जंगल वाढले. या प्रदेशाला कोरिंगा म्हणतात. पूर्वी येथे जहाजे बांधण्याचे नामांकित बंदर होते. १७८९ आणि १८३९ या वर्षांच्या चक्रीवादळांत समुद्र आत शिरून येथे फार मोठी प्राणहानी झाली. आज काकिनाड्याला समुद्राच्या माऱ्यापासून आडोसा मिळतो, तो या बेटाचा आणि खारफुटीचा. १९७८ मध्ये कोरिंगा अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. जानेवारी ते मार्च या महिन्यांत होप बेटाच्या समुद्राकडच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येतात, दीड-दोन फूट खोल खड्डा खणतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि तासाभरात परत जातात. मादी अंड्यांवर बसत नाही. ती उबवण्याचे काम वाळूच्या उबेने होते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात.

कासवाचे सारे आयुष्य पाण्यात जाते. जमिनीशी त्याचा संबंध एवढाच. पण हा एक तास आणि हे पन्नास-साठ दिवस हीच त्याच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक वेळ असते, आणि नेमक्या याच वेळी माणूस तेथे पोहोचला.

शिध्यासाठी आलेले पाहुणे

१५०३ मध्ये कोलंबसाची जहाजे कॅरिबियन समुद्रातल्या दोन लहान बेटांजवळून गेली. भोवतीच्या पाण्यात इतकी कासवे होती, की त्याने बेटांना 'लास तोर्तुगास', म्हणजे कासवांची बेटे असे नाव दिले. आज आपण ती केमन बेटांमध्ये मोजतो. महिनोन् महिने खारवलेल्या मांसावर राहणाऱ्या खलाशांना या बेटांचे महत्त्व लगेच कळले. वाळूवर आलेली मादी पळू शकत नाही. तिला उताणी केली, की तिला स्वतःहून पालथे होता येत नाही. शिवाय उताणे कासव डेकवर अन्नपाण्यावाचून कित्येक दिवस जिवंत राहते. बर्फाची पेटी नसलेल्या काळात हे ताजे मांसच होते. जहाजे ठरवून या बेटांवर थांबू लागली. अठरावे शतक संपेपर्यंत केमन बेटांवरची कासवे जवळजवळ संपली होती. मग तेथले कोळी कासवांसाठी आधी क्यूबाकडे आणि पुढे निकाराग्वाच्या किनाऱ्याकडे जाऊ लागले.

अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाची गोष्ट अशीच आहे. १८१५ मध्ये ब्रिटिश नौदलाने तेथे ठाणे केले. वाळूवर आलेल्या माद्या पकडून किनाऱ्यावर बांधलेल्या तळ्यांत ठेवल्या जात आणि येणाऱ्या जहाजांना पुरवल्या जात. काही थेट लंडनला जात, कारण कासवाचे सूप हा तेथल्या मेजवान्यांचा मान होता.

येथे एक गोष्ट वर्गात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मादी वयात यायला जातीनुसार बारा-पंधरा वर्षांपासून काही दशकांपर्यंत वेळ लागतो. म्हणून किनाऱ्यावरच्या माद्या आज मारल्या, तरी समुद्रात वाढत असलेल्या तरुण माद्या पुढची अनेक वर्षे येतच राहतात. माणसाला वाटते, 'एवढी नेतो आहोत, तरी कमी होत नाहीत.' जेव्हा कमी झाल्याचे दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. उलट असेन्शनवरची कत्तल विसाव्या शतकात थांबल्यावर, काही दशकांनी तेथल्या घरट्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. नुकसान उशिरा दिसते तसेच केलेल्या संरक्षणाचे फळही उशिरा मिळते. कासवांच्या बाबतीत कोणत्याही कामाचा निकाल त्याच पिढीला मिळेल याची खात्री नसते.

हे सारे परदेशातच घडले असे नाही. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले लाखांच्या संख्येने एकत्र येतात. अशा सामुदायिक आगमनाला 'अरिबाडा' म्हणतात. हा स्पॅनिश शब्द आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथली अंडी गोळा करण्याचे परवाने सरकारच देत असे आणि अंडी नावा भरून बाजारात जात. एच. आर. बस्टर्ड या तज्ज्ञाने १९७४ मध्ये हा किनारा जगाच्या नजरेस आणला. पुढे सागरी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले आणि १९९७ मध्ये गहिरमाथा सागरी अभयारण्य झाले.

वही घेऊन आलेले पाहुणे

विसाव्या शतकाच्या मध्यात बेटांवर वेगळ्या तऱ्हेची माणसे येऊ लागली. कोस्टा रिका देशातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९५५ पासून माद्यांच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाचे धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. ते कासव पुन्हा कोठे सापडले, तर तो क्रमांक कळवायचा, एवढीच साधी युक्ती. तिच्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. मादी वर्षांमागून वर्षे त्याच किनाऱ्यावर परतते. आणि मधल्या काळात ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्या देशांच्या पाण्यात असते. म्हणजे एका देशाने बेट राखले, तरी काम अर्धेच होते.

आपल्या देशात हे काम सतीश भास्कर यांनी केले. १९७७ पासून त्यांनी भारताचा किनारा आणि बेटे पायी हिंडून कासवांच्या घरट्यांची नोंद केली. लक्षद्वीपमध्ये सुहेली वलियकरा नावाचे निर्मनुष्य बेट आहे. हिरवी कासवे तेथे पावसाळ्यात अंडी घालतात, आणि पावसाळ्यात तेथे कोणतीही होडी जाऊ शकत नाही. म्हणूनच कासवांची ती वेळ कोणी पाहिलेली नव्हती. १९८२ च्या पावसाळ्याआधी भास्कर शिधा घेऊन त्या बेटावर उतरले आणि सुमारे पाच महिने एकटे राहिले. पत्र पाठवायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी पत्नीच्या नावे लिहिलेली पत्रे बाटल्यांत घालून समुद्रात सोडली. त्यांतली एक बाटली चोवीस दिवसांनी श्रीलंकेत एका कोळ्याला मिळाली आणि त्याने ते पत्र पोस्टाने तिच्या पत्त्यावर पाठवून दिले. भास्कर २०२३ मध्ये वारले. भारतीय किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या कासवांविषयीची पुष्कळशी पहिली माहिती त्यांच्या वह्यांतून आली आहे.

या पाहुण्यानेही बेटावर मुक्कामच केला. फरक एवढाच, की तो कासवाच्या वेळेप्रमाणे राहिला आणि नोंदींखेरीज तेथून काही नेले नाही.

तिकीट काढून आलेले पाहुणे

मग आले पर्यटक. मलेशियातल्या साबा राज्याच्या किनाऱ्याजवळ सेलिंगान, बाकुंगान केचिल आणि गुलिसान ही तीन लहान बेटे आहेत. पूर्वी येथून अंडी विक्रीला जात. १९६६ मध्ये सेलिंगानवर अंडी सुरक्षित जागी पुरून उबवण्याचे केंद्र सुरू झाले आणि १९७७ मध्ये ही बेटे राष्ट्रीय उद्यान झाली. १९९६ मध्ये मलेशिया आणि फिलिपाइन्स यांनी आपापली शेजारची बेटे मिळून एक संयुक्त संरक्षित क्षेत्र ठरवले. कासवाला सरहद्द नसते हे दोन सरकारांनी मान्य केले. सेलिंगानवर रात्रीच्या मुक्कामाला मोजक्याच लोकांना परवानगी मिळते. अंधार पडल्यावर कोणी किनाऱ्यावर जायचे नाही. एखादी मादी अंडी घालू लागली, की रक्षक बोलावतो आणि सर्वांनी मिळून ती एकच मादी पाहायची. दिवा रोखायचा नाही. लांब समुद्रप्रवास करून आलेल्या पाहुण्यालाही येथे यजमानाच्या सोयीने थांबावे लागते.

दिव्याचा नियम का, हे मुलांना समजावून द्यावे. पिल्ले रात्री बाहेर पडतात आणि उजळ क्षितिजाकडे धावतात. निसर्गात झाडांच्या सावलीपेक्षा समुद्राकडची बाजू उजळ असते. किनाऱ्यावर विजेचा दिवा असला, तर पिल्ले त्यालाच समुद्र समजून उलट दिशेने जातात आणि सकाळी उन्हात किंवा कावळ्यांच्या तोंडी मरतात.

आपल्या महाराष्ट्रात बेट नाही, पण बेटासारखेच राखलेले एक गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्याबरोबर समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर फिरत होते. त्या वेळी त्यांना कासवांची घरटी उकरून अंडी नेली जात असल्याचे दिसले. २००२ मध्ये त्यांनी वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा फिरून घरटे शोधायचे, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची. अंडी चोरीला जाऊ नयेत, तर ती राखण्यात गावाचा फायदा हवा, हे ओळखून २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तेथेच जेवतात, आणि मिळकत गावात राहते.

आम्ही काही शिक्षक एकलहऱ्याहून मुलांना घेऊन वेळासला गेलो होतो. रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी सातच्या सुमारास दोरीमागे उभे राहिलो. कुंपणातली टोपली उचलली, तेव्हा तिच्याखाली काहीच नव्हते. त्या दिवशी सकाळी एकही पिल्लू बाहेर आले नव्हते. मुले हिरमुसली. एकाने तर विचारले, "इतक्या लांबून आलो, थोडे उकरून दाखवता येणार नाही का?" तेथल्या कार्यकर्त्याने शांतपणे सांगितले, "ती तयार झाली की येतील, बाळा. आपण थांबायचं." संध्याकाळी चार पिल्ले निघाली. तळहाताहून लहान, काळसर पिल्ले वाळूवरून सरपटत लाटेपर्यंत गेली तोवर कोणी बोलले नाही. मुलांनी पिल्ले पाहिली याचा आनंद झालाच. पण सकाळची रिकामी टोपली हाही धड्याचाच भाग होता, असे आम्हांला परतताना वाटले.

न जाता केलेली भेट

येथवरचा इतिहास पायांनी बेटावर गेलेल्यांचा झाला. होप बेटावर आम्ही कधी गेलेलो नाही. पण म्हणून आम्ही त्याचे पाहुणे नाही, असे म्हणता येत नाही.

पहिली भेट मातीची. गोदावरीच्या वाळूचा मोठा भाग खालच्या खोऱ्यातून येतो. आपल्या काळ्या बेसॉल्टचा वाटा मुख्यतः बारीक चिकणमातीचा, म्हणजे खारफुटी ज्यावर वाढते त्या गाळाचा. आता ही माती वाटेतल्या धरणांमागे अडकते. २००४ मध्ये आंध्रातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७० च्या दशकात नदी समुद्राला वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ देत असे, तो १९९० च्या दशकात सहा कोटी टनांच्याही खाली आला. १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन समुद्राने नेली. नदीने बांधलेल्या बेटाला नदीने पुरवठा करत राहावे लागते. गंगापूर, जायकवाडी, श्रीरामसागर ही धरणे आपल्या शेतीची आणि पिण्याच्या पाण्याची गरज आहेत. ती नसावीत असे येथे कोणीच म्हणणार नाही. पण धरणाच्या हिशेबात पाण्याबरोबर गाळही मांडायला हवा, हे आपण उशिरा शिकत आहोत.

दुसरी भेट उष्णतेची. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गार वाळूत नर अधिक आणि उष्ण वाळूत माद्या अधिक. फार तापलेल्या वाळूत अंडी मरतात. आमच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या वर्षांत उभे राहिले. त्या विजेवर आमची घरे आणि नाशिकचे कारखाने चालले, गावातल्या अनेकांची पोटे भरली. त्याच कोळशाचा कार्बन डायऑक्साइड, जगातल्या इतर सर्व धुराड्यांच्या वायूत मिसळून, हवा आणि वाळू तापवतो. एकट्या एकलहऱ्यावर हा दोष येत नाही, पण एकलहरे त्यातून सुटतही नाही. हे मुलांना सांगताना आम्हांला अवघड जाते, कारण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील याच केंद्रात कामाला असतात. तरीही सांगावे लागते.

तिसरी भेट बाटलीची. भास्करांच्या बाटलीत पत्र होते. पुलावरून नदीत टाकलेली प्लॅस्टिकची रिकामी बाटली किंवा पिशवी पुराबरोबर वाहत निघते, ती मात्र कोणाला काही कळवण्यासाठी जात नाही. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाच्या पोटात गेल्याच्या नोंदी जगभर आहेत.

आपला किनारा आणि तो किनारा वेगळा, असेही आता म्हणता येत नाही. १८ मार्च २०२१ रोजी गहिरमाथा येथे ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. भारताच्या टोकाला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचे हे अंतर. दोन्ही किनाऱ्यांची कासवे वेगळी असावीत, हा समज तिने एका रात्रीत हलवला. कासवाच्या लेखी वेळास, गुहागर, होप बेट आणि गहिरमाथा हे एकच घर असू शकते.

वर्गासाठी

या विषयाचा एक प्रयोग आम्ही नदीकाठी करतो आणि तो कोणत्याही शाळेला जमेल. दुपारी बाराच्या सुमारास कोरड्या वाळूच्या पृष्ठभागाचे तापमान घ्यावे. मग दीड फूट खोल खड्डा खणून तळाशी तापमापक पाच मिनिटे ठेवावा. हेच सावलीत आणि उन्हात, काळसर आणि फिकट वाळूत करावे. दोन आकड्यांतला फरक पाहिला, की मादी इतके कष्ट घेऊन खोल का खणते हे वेगळे सांगावे लागत नाही. नंतर नकाशावर गोदावरीवरून बोट फिरवून प्रत्येक धरणापाशी थांबावे आणि त्याचे नाव व वर्ष लिहावे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देतो : नदीने आणलेल्या मातीचे बेट होते, आणि त्या बेटावर कोणीतरी दर वर्षी रात्री येते. आपण तेथे जाऊ किंवा न जाऊ, आपल्या गावातून काय वाहत जाते यावर त्याचे घर अवलंबून असते. देवळातल्या दगडी कासवाला आपण वळसा घेतो. तेवढाच मान नदीच्या टोकाला राहणाऱ्या खऱ्या कासवाचा ठेवायचा आहे.